शाळामास्तर चार्लस लॅपवर्थ यांचे चरित्र

विहीर खणण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे ठाऊकच आहे की भूमीच्या पोटात एकाखाली एक असे थर असतात. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टा. विहिरी खणणारा जाणता माणूस एका शेतातील तांबडा पट्टा पाहून शेजारच्या शेतात तो किती हातांवर लागेल ह्याचा अंदाज सांगतो. दोन विहिरींतील थर एकमेकांशी जुळविण्याची ही साधी विद्या आहे. हीच विद्या वाढवीत नेली असता एका देशाचा थर दुसऱ्या देशाच्या थराशी, व खोल समुद्राच्या तळी साचलेला गाळ किनाऱ्याजवळ साचलेल्या गाळाशी जुळविता येतो. आणि असे करीत गेल्याने, माणसाचा मागमूसही पृथ्वीवर नव्हता अशा काळी समुद्रातील जीवांचा जो मोठा संहार झाला, तो केव्हा व कसा झाला हे ठरविता येते.

ह्या विद्येचा पाया ज्या थोड्या पुरुषांनी घातला, त्यांपैकी एकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. हे गृहस्थ कोणी सरदार अथवा सरकारी अधिकारी नव्हते. ज्या काळात त्यांनी आपले पहिले मोठे काम केले त्या काळात ते एका लहान गिरणीगावातील मंडळीच्या शाळेचे मास्तर होते, आणि त्यांस भूगर्भशास्त्र कोणी शिकविलेही नव्हते. आमच्या वाचकांत गावोगावचे शाळामास्तर पुष्कळ आहेत, म्हणून हे चरित्र आम्ही मुद्दाम निवडले आहे.

जन्म, शिक्षण व पहिली नोकरी

चार्लस लॅपवर्थ यांचा जन्म इंग्लंडातील बर्कशर परगण्यात फॅरिंग्डन येथे ता. २० सप्टेंबर १८४२ रोजी झाला. मोठे झाल्यावर ते अ‍ॅबिंग्डन शहराजवळील कलम येथील शिक्षक तयार करण्याच्या विद्यालयात गेले. हे विद्यालय इंग्लंडच्या मंडळीने चालविलेले होते. तेथील अभ्यास पुरा करून १८६४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, ते स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील गॅलाशील्स ह्या गावी एपिस्कोपल मंडळीच्या शाळेत मास्तर म्हणून गेले. गॅलाशील्स हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे गाव. जवळून ट्वीड नदी वाहते, व थोड्याच अंतरावर प्रसिद्ध ग्रंथकार सर वॉल्टर स्कॉट यांचे घर आहे. लॅपवर्थ यांस स्कॉट यांच्या ग्रंथांची फार आवड होती, आणि त्या ओढीनेच त्यांनी ही दूरची जागा पत्करली. दगडांचा विचार त्या वेळी त्यांच्या मनातही नव्हता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ह्याच सीमाप्रदेशातील डन्स गावी जन्मलेले रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास मिशनरी होऊन आले होते. त्यांनी शाळा काढल्या, उपदेश केला, आणि फावल्या वेळी नागपूरच्या आसपासचे दगड व त्यांतील जीवाश्म जमवून त्यांविषयी विद्वानांस लिहून कळविले. १८६३ साली नागपूर भागातच ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी लॅपवर्थ त्या सीमाप्रदेशात राहावयास आले. ह्या दोघांची गाठ कधी पडली नाही. परंतु शिकविण्याचे काम सांभाळून उरलेल्या वेळात दगड वाचण्याची रीत दोघांची एकच होती.

१८६९ साली लॅपवर्थ यांचा विवाह जॅनेट सँडरसन ह्या बाईंशी झाला. त्याच सुमारास जेम्स विल्सन नावाच्या मित्राबरोबर ते सुटीच्या दिवशी डोंगरांत फिरू लागले, आणि त्या फिरण्यातून त्यांस दगडांचा नाद लागला.

काळ्या दगडावरील रेघा

गॅलाशील्सच्या भोवतालचा मुलूख डोंगराळ आहे. त्यास दक्षिणेचा उंच प्रदेश म्हणतात. तेथील डोंगर बहुतेक करड्या, खरबरीत वालुकामय दगडाचे आहेत, व त्यांच्या मधून मधून काळ्या, पातळ पापुद्र्यांच्या दगडाचे पट्टे गेले आहेत. ह्या काळ्या दगडास शेल म्हणतात. त्याचा पापुद्रा उकलला असता आत कित्येकदा चकचकीत रेघा दिसतात. काही सरळ, काही वाकड्या, काही घड्याळाच्या कमानीसारख्या गुंडाळलेल्या. आणि बारकाईने पाहिल्यास त्यांस करवतीसारखे दाते असतात. शाळेतील मुलाने पाटीवर पेन्सिलीने काही ओरखडावे तसे ते दिसते. म्हणूनच विद्वानांनी त्यांस ग्रॅप्टोलाइट, म्हणजे दगडावरील लिखाण, असे नाव दिले.

हे लिखाण नसून प्राणी होते. पुरातन समुद्रात अतिशय बारीक जीव वसाहत करून राहत. प्रत्येक दात्याच्या जागी एकेका जिवाची कोठडी असे, आणि अशा वसाहती समुद्राच्या पाण्यात तरंगत असत. मेल्यावर त्या हळूहळू तळाच्या काळ्या चिखलात बसत, आणि चिखलाचा दगड झाल्यावर त्यांचे कोळशासारखे ठसे मागे राहत.

त्या काळी ह्या जीवाश्मांस कोणी फारशी किंमत देत नसे. सरकारी भूगर्भ खात्याचे लोक असे मानीत की, डोंगराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना जे अनेक काळे पट्टे लागतात ते सर्व निरनिराळ्या काळचे असून एकावर एक रचलेले आहेत. असे धरल्याने त्या सर्व थरांची जाडी हजारो फूट भरे. आता प्रत्येक पट्ट्यात जर तेच ते ग्रॅप्टोलाइट सापडतात, तर त्याचा अर्थ इतकाच, की हे प्राणी अपार काळपर्यंत जसेच्या तसे राहिले. आणि जो प्राणी बदलत नाही त्यावरून काळ कसा ओळखावा? यास्तव ग्रॅप्टोलाइट काळ सांगण्याच्या कामी निरुपयोगी आहेत असे ठरून गेले होते.

डॉब्स लिन

मॉफट गावाहून सेलकर्क गावाकडे जाणारा रस्ता जेथे खिंडीत चढतो, तेथे बर्कहिल नावाचे एक एकाकी घर आहे. त्याच्या खालीच डॉब्स लिन नावाची अरुंद दरी असून तीत ओढ्याचा लहानसा धबधबा पडतो. सतराव्या शतकात आपल्या धर्ममतासाठी छळ सोसणारे कव्हेनंटर लोक ह्या दऱ्यांत लपून राहिले होते अशी त्या भागात परंपरा आहे. दरीच्या उघड्या कड्यांत काळे शेल स्वच्छ दिसतात. लॅपवर्थ यांनी हीच जागा आपल्या अभ्यासासाठी धरली, आणि शाळेच्या सुट्यांत त्या एकाकी घरी उतरून ते काम करू लागले.

त्यांची रीत अगदी साधी, परंतु कष्टाची होती. दुसरे लोक दरीत हिंडून पायाशी पडलेले चांगले जीवाश्म वेचीत, आणि घरी नेऊन एका पेटीत भरीत. लॅपवर्थ तसे करीत ना. कड्यातील प्रत्येक पातळ थर ते स्वतंत्रपणे खणीत. त्यातून निघालेला प्रत्येक ग्रॅप्टोलाइट कोणत्या थरातला हे तेथल्या तेथे टिपून ठेवीत. एका थराचा दगड दुसऱ्या थराच्या दगडांत मिसळू देत नसत. नकाशाही त्यांनी स्वतः पावले टाकून काढला, आणि तो इतका बारीक होता की सरकारी नकाशावर जे एक बोट रुंद दिसे तेथे त्यांनी घड्या, भेगा व सरकलेले तुकडे वेगवेगळे दाखविले.

असे काही वर्षे केल्यावर त्यांस जे दिसले ते येणेप्रमाणे. ग्रॅप्टोलाइट सर्व थरांत सारखे मुळीच नाहीत. खालच्या थरांतील जाती मधल्या थरांत नाहीत, मधल्यांतील वरच्यांत नाहीत. प्रत्येक जातीस तिचा नेमलेला काळ आहे; त्या काळात ती येते, वाढते, आणि मग नाहीशी होते व पुन्हा कधी परत येत नाही. सर्वांत खालच्या शेलांस त्यांनी ग्लेनकिल्न, मधल्यांस हार्टफेल व वरच्यांस बर्कहिल अशी नावे दिली. आणि ह्या तिहींच्या पोटात, एकेका खास जातीवरून ओळखता येतील असे, लहान लहान पट्टे ठरविले.

हा क्रम एकदा हाती आल्यावर त्यांनी तोच घेऊन साऱ्या प्रदेशातील काळे पट्टे तपासले. तेव्हा उलगडा झाला. आमच्या घरच्या बाया गोधडीची घडी घालतात ती पाहा. गोधडीत तीन कापडे असली, एक पांढरे, एक तांबडे, एक काळे, आणि ती दोनदा चारदा दुमडून ठेवली, तर कडेने पाहणाऱ्यास पंधरावीस कापडे एकावर एक आहेतसे वाटेल. परंतु रंगांचा क्रम ज्याने लक्षात ठेवला आहे, त्यास पांढरे, तांबडे, काळे, आणि लगेच काळे, तांबडे, पांढरे असा उलटा क्रम लागलेला पाहून कळेल की हे एकच वस्त्र दुमडलेले आहे. तद्वत् दक्षिणेच्या उंच प्रदेशातील अनेक काळे पट्टे हे एकाच पातळ थराचे पुनःपुन्हा वर आलेले भाग होते. प्रचंड चेपणीने तो थर दुमडला व तुटला होता. हजारो फुटांचा समज होता तेथे खरी जाडी काही शे फूटच निघाली. १८७८ साली लॅपवर्थ यांनी हा सर्व वृत्तांत लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकात छापला, आणि निरुपयोगी ठरलेल्या त्या रेघा एका दिवसात पुरातन काळाचे घड्याळ बनल्या.

पुढे शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, शास्त्रज्ञांनी ह्या पुनरावृत्तीचे कारण आणखी खोल शोधले. त्या जागी पूर्वी एक महासागर होता. तो मिटत असता त्याच्या तळाचा गाळ जमिनीच्या कडेवर खरवडून एकापुढे एक चढविला गेला, असे आता मानतात. लॅपवर्थ यांनी घड्यांवर जितका भर दिला त्यापेक्षा तुटून सरकण्याचा भाग अधिक होता, इतका फरक पडला. परंतु त्यांनी लावलेला थरांचा क्रम मोडला नाही, आणि नवे मतही त्याच क्रमावर उभे आहे.

खोल समुद्र व किनारा

ह्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले ते अधिक कठीण होते. मॉफटचे शेल किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात साचलेले. परंतु पश्चिमेस एअरशर परगण्यात गर्व्हन गावाजवळ जे थर आहेत ते किनाऱ्याजवळच्या समुद्रातले. तेथे गोटेमिश्रित दगड, वालुकामय दगड व चुनखडी आहे, आणि त्यांत शिंपले व ट्रायलोबाइट नावाचे सांधेदार कवचाचे प्राणी सापडतात. मॉफटच्या शेलांत शिंपले जवळजवळ नाहीत, आणि गर्व्हनच्या चुनखडीत ग्रॅप्टोलाइट नाहीत. दोन ठिकाणी दोन निराळ्या भाषांत बखर लिहिलेली असावी तसे हे झाले. मग कोणती हकिकत कोणत्या हकिकतीच्या वेळची, हे कसे ठरवावे?

लॅपवर्थ यांनी गर्व्हनच्या थरांत मधून मधून जे पातळ शेल आहेत ते हुडकून काढले. तरंगणारे प्राणी वाऱ्यापाण्याबरोबर किनाऱ्यापर्यंतही येतात, आणि तेथे शांत चिखल मिळाला तर त्यांचे ठसे उमटतात. त्या पातळ शेलांत मॉफटचेच ग्रॅप्टोलाइट त्याच क्रमाने सापडले. दोन्ही भाषा जाणणारा दुभाषी मिळावा तसे हे झाले. ह्या कामी श्रीमती एलिझाबेथ ग्रे यांनी गर्व्हन येथे घरच्या मंडळीसह अनेक उन्हाळे घालवून, जागेची नोंद ठेवून जमविलेल्या जीवाश्मांचा त्यांस फार उपयोग झाला. १८८२ साली लॅपवर्थ यांनी दाखवून दिले की मॉफट येथे जो काळ काही शे फुटांत मावला आहे, त्याच काळात गर्व्हन येथे काही हजार फूट गाळ साचला. खोल समुद्रात चिमूटभर चिखल पडे तेव्हा किनाऱ्याजवळ नद्या ढिगांनी वाळू आणून टाकीत. थरांची जाडी मोजून काळ मोजता येत नाही. त्यातील जीव ओळखून येतो, हे ह्यावरून निर्विवाद झाले.

हेच प्राणी दूरदूरच्या समुद्रांत कसे पोहोचले, हा प्रश्न त्यांनी पुढेही सोडला नाही. १८९७ साली त्यांनी असे मत मांडले की पुष्कळ ग्रॅप्टोलाइट तरंगणाऱ्या समुद्रशेवाळास चिकटून राहत. शेवाळाचे मत आज मागे पडले आहे, ते स्वतःच तरंगत असे आता मानतात. परंतु त्यांच्या तरंगण्यामुळेच दूरचे थर जुळविता येतात हा मुख्य मुद्दा कायम आहे.

एक जुने भांडण मिटविले

वर सांगितलेले काम चालू असता १८७५ साली लॅपवर्थ सेंट अँड्र्यूज गावातील मद्रास कॉलेज नावाच्या शाळेत शिक्षक झाले होते. स्कॉटलंडातील शाळेस मद्रासचे नाव कसे, असे वाचकांस वाटेल. त्या शाळेस द्रव्य देणारे रेव्ह. अँड्र्यू बेल हे पूर्वी मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधिकारी होते. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहून त्यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि मोठ्या मुलांनी लहानांस शिकवावे अशी पद्धत बसवून ती पुढे ब्रिटनात नेली. तीस मद्रास पद्धती असे नाव पडले.

ह्याच शाळेत असता, १८७९ साली, लॅपवर्थ यांनी एक नवे नाव सुचविले. त्याची हकिकत अशी. त्यापूर्वी चाळीस वर्षांपासून इंग्लंडातील दोन थोर भूगर्भशास्त्रज्ञांत मोठा वाद चालला होता. रेव्ह. अ‍ॅडम सेज्विक हे दीक्षित पाळक व केंब्रिज येथील अध्यापक. सर रॉडरिक मर्चिसन हे पूर्वीचे लष्करी अंमलदार व पुढे भूगर्भ खात्याचे मुख्य. दोघे आरंभी जिवलग मित्र होते, आणि वेल्स देशाच्या थरांचे काम त्यांनी वाटून घेतले होते. सेज्विक यांनी खालच्या थरांस कँब्रियन म्हटले, मर्चिसन यांनी वरच्यांस सिल्युरियन. परंतु मधला मोठा भाग कोणाचा, ह्यावरून तंटा लागला. दोघेही तो आपल्याकडे ओढीत. मैत्री तुटली, आणि समेट न होताच मर्चिसन १८७१ साली व सेज्विक १८७३ साली वारले. त्यांच्या मागे त्यांचे शिष्य भांडत राहिले.

लॅपवर्थ यांनी पाहिले की ह्या मधल्या भागातील जीव खालच्यांहून निराळे आहेत आणि वरच्यांहूनही निराळे आहेत. तेव्हा तो ह्याचाही नव्हे, त्याचाही नव्हे; त्यास स्वतंत्र नाव द्यावे. उत्तर वेल्समध्ये प्राचीन काळी ऑर्डोव्हिसीस नावाची शूर जमात राहत असे. तिच्यावरून त्यांनी ह्या काळास ऑर्डोव्हिशियन असे नाव दिले. बांधावरून दोन भाऊ भांडत असता पंचाने तो तुकडा गावठाणास लावून द्यावा, तसा हा निवाडा होता. दोन्ही पक्षांचा मान राहिला. परंतु सरकारी खात्याने हे नाव पुष्कळ वर्षे मानले नाही. आणि सर्व देशांच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या परिषदेने त्यास रीतसर मान्यता दिली ती १९६० साली, म्हणजे लॅपवर्थ यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

दुखणे व पुढील आयुष्य

१८८१ साली बर्मिंगहॅम येथील मेसन सायन्स कॉलेजात ते भूगर्भशास्त्राचे पहिले प्रोफेसर झाले. पुढच्याच दोन उन्हाळ्यांत ते स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेस एरिबॉल येथे गेले. तेथे जुने स्फटिकमय दगड नव्या दगडांच्या वर बसलेले दिसतात. मर्चिसन यांचे मत असे की जे वर ते नवे, हा नियम तेथेही खरा आहे. अ‍ॅबर्डीनचे प्रोफेसर जेम्स निकल यांनी त्यास विरोध केला, परंतु त्यांचे कोणी ऐकले नाही, व १८७९ साली ते वारले. लॅपवर्थ यांनी डॉब्स लिनचीच बारीक रीत येथे लावली, आणि सिद्ध केले की जुन्या दगडांचे प्रचंड ढाण नव्यांच्या अंगावरून सरकत आले आहेत. निकल यांची शंका खरी होती.

ह्या कामाचा त्यांच्या प्रकृतीवर इतका ताण पडला की ते अंथरुणास खिळले. असे सांगतात की तापाच्या ग्लानीत त्यांस तो अवाढव्य खडक आपल्याच अंगावरून रगडीत चालला आहे असे भासे. त्यांस ते काम तेथेच सोडावे लागले. सरकारी खात्याने आपली माणसे त्याच ठिकाणी पाठविली होती. त्यांसही तेच दिसले, आणि १८८४ साली खात्याचे मुख्य सर आर्किबाल्ड गायकी यांनी आपले जुने मत चुकीचे होते असे उघड छापून कबूल केले. चूक कबूल करणे थोरांस अवघड जाते. म्हणून ही गोष्ट गायकी यांच्याही नावे जमा धरिली पाहिजे.

बरे झाल्यावर लॅपवर्थ यांनी श्रॉपशर व इंग्लंडच्या मध्यप्रदेशातील थरांचा अभ्यास केला, आणि बत्तीस वर्षे विद्यार्थी शिकविले. १८८८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १८९१ साली त्यांस रॉयल पदक व १८९९ साली भूगर्भशास्त्रीय सभेचे वोलास्टन पदक मिळाले. १९०२ पासून १९०४ पर्यंत ते त्या सभेचे अध्यक्ष होते. ग्रॅप्टोलाइटांवरील मोठा ग्रंथ त्यांनी स्वतःच्या नावे न काढता तो लिहिण्याचे काम मिस गर्ट्रूड एलिस व मिस एथेल वुड ह्या दोन विदुषींस दिले आणि आपण संपादन केले. स्त्रियांस विद्यापीठात पदव्या मिळणेही जेव्हा दुर्लभ होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. हा ग्रंथ १९०१ पासून १९१८ पर्यंत भागाभागांनी निघाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. १९१३ साली लॅपवर्थ निवृत्त झाले, आणि ता. १३ मार्च १९२० रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कागद व संग्रह बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

त्या रेघेत काय दडले होते

आता ह्या चरित्राचा शेवटचा भाग सांगावयाचा, आणि तो लॅपवर्थ यांच्या मृत्यूनंतरचा आहे. डॉब्स लिन येथे हार्टफेल शेल संपून बर्कहिल शेल सुरू होतात तेथे त्यांनी एका काळाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ मानला होता. तेथे करड्या, फिकट दगडात थोडेसे पातळ काळे पट्टे आहेत. त्यांत ग्रॅप्टोलाइटांच्या नाना जाती दिसतात. थोडे वर जावे तो बहुतेक सर्व जाती नाहीशा होतात, आणि दोनचार साध्या जातीच उरतात. मग बर्कहिलच्या काळ्या दगडात त्या उरलेल्यांपासून नवी कुळे फुटू लागतात. लॅपवर्थ यांस हा बदल दिसला होता. परंतु तो सगळ्या पृथ्वीवरील संकटाचा ठसा आहे, हे त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते.

पुढे त्यांच्याच घड्याळाने चीन, उत्तर आफ्रिका, युरोप व अमेरिका येथील थर जुळविले गेले, तेव्हा असे आढळले की सर्वत्र त्याच वेळी समुद्रातील जीव मेले. किनाऱ्यावरचे शिंपले, ट्रायलोबाइट व प्रवाळ, तसेच खोल पाण्यावर तरंगणारे ग्रॅप्टोलाइट, ह्या सर्वांवर एकच घाला आला. १९८२ साली डेव्हिड रॉप व जॅक सेपकोस्की ह्या अमेरिकन विद्वानांनी पृथ्वीवरील पाच मोठे संहार मोजून दाखविले. त्यांत हा पहिला. समुद्रातील सुमारे ८५ टक्के जाती त्यात नष्ट झाल्या असे अनुमान आहे. कारणाचा शोध घेता सहारा वाळवंटात त्याच काळच्या हिमनद्यांच्या खुणा सापडल्या. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आपला हिंदुस्थान तेव्हा गोंडवन नावाच्या एकाच खंडात होते, आणि आफ्रिकेचा उत्तर भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता. बर्फ साचले, समुद्र ओसरला, उथळ पाण्यातील जीवांची घरे उघडी पडली. हा पहिला घाला. मग बर्फ वितळून समुद्र पुन्हा चढला, पाण्यातील प्राणवायूची स्थिती बदलली. हा दुसरा घाला.

हे संकट किती वर्षांपूर्वीचे, हेही त्याच दरीने सांगितले. डॉब्स लिनच्या शेलांत ज्वालामुखीच्या राखेचे अगदी पातळ पट्टे आहेत. राखेत झिर्कॉन नावाचे सूक्ष्म खडे असतात, आणि त्यांतील युरेनियमचे शिसे किती झाले हे मोजून वर्षे काढता येतात. ग्रॅप्टोलाइटांनी क्रम सांगितला, राखेने आकडा सांगितला. जगातील मोजणी एकत्र करून हा काळ सुमारे ४४ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वीचा ठरतो. १९८० च्या दशकात सर्व देशांच्या शास्त्रज्ञांनी सिल्युरियन काळाचा आरंभ दाखविणारी प्रमाणभूत जागा म्हणून डॉब्स लिन निवडली. बर्कहिल शेलांच्या तळापासून १.६ मीटर वर ती रेघ धरली आहे. त्याआधीच्या संकटकाळाच्या आरंभाची प्रमाणभूत जागा २००६ साली चीनच्या हूबेई प्रांतात वांगजियावान येथे ठरली, आणि तीही ग्रॅप्टोलाइटावरूनच. डॉब्स लिन येथे शिंपले नसल्यामुळे किनाऱ्याचे थर त्याच्याशी जुळविणे कठीण जाते, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात, आणि तो खोटा नाही. यास्तव आज दगडातील कार्बनाच्या दोन प्रकारांचे प्रमाण मोजून, त्या चढउतारावरूनही खोल व उथळ समुद्र जुळवितात. गर्व्हन येथे लॅपवर्थ यांनी जो प्रश्न सोडविला, तोच हा प्रश्न, नव्या साधनांनी पुन्हा हाती घेतलेला.

आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणात ग्रॅप्टोलाइट मिळणार नाहीत. तो समुद्राचा गाळ नसून ज्वालामुखीचा रस आहे, आणि सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा आहे. परंतु त्याच सुमारास पाच संहारांपैकी शेवटचा झाला. त्यात अशनीचा आघात किती व आमच्या ह्या पाषाणाचा भाग किती, ह्याचा वाद त्याच रीतीने, थराशी थर जुळवून, चालू आहे. ज्या दगडाने आमच्या विहिरी व देवळांचे चौथरे बांधले, त्याचेही नाव ह्या मोठ्या बखरीत आहे.

लॅपवर्थ यांजकडे आरंभी काय होते? एक हातोडी, एक वही, शनिवारची सुटी, आणि एक सोबती. खात्याचे नकाशे त्यांच्या विरुद्ध होते, पदवी नव्हती, पगार मास्तराचा होता. परंतु कोणता दगड कोणत्या थरातला, हे लिहून ठेवण्यात त्यांनी एकदाही आळस केला नाही. ज्या दरीत त्यांनी गुडघे टेकून थर मोजले, तेथे आज दूरदेशीचे विद्वान जातात आणि आपले घड्याळ त्या दरीशी लावून घेतात. गावच्या शाळेत शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. मुलांस पाटीवर अक्षरे गिरवावयास लावताना कधी त्यांच्यासह ओढ्याकाठी जावे, थर दाखवावे, आणि जे दिसेल ते तारीख व जागा घालून वहीत लिहावयास शिकवावे. त्यांतील एखादा पुढे काय वाचील, हे आज कोणी सांगावे?